माइकची बहिरी बाजू

प्रिय वन्संना सप्रेम नमस्कार,

(वयाने मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण नात्याने मान तुमचा, म्हणून नमस्कारच घ्या. आशीर्वाद द्यावेत अशा स्थितीत मी सध्या नाही.) यानंतर 'आम्ही सर्व इथे खुशाल आहोत' असं लिहायचं असतं. ते वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा कागद फाडला. हा चौथा कागद आहे आणि वहीत फार उरलेले नाहीत, तेव्हा त्या वाक्याची जागा कोरी सोडून पुढे जाते. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिने चढायचे नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलेलं ऐकता ना? भावजींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी पाठवलेलं टॉवेलांचं पार्सल पोचलं, आणि इतक्या टॉवेलांचं काय करायचं असं मी तेव्हा म्हटलं होतं ते शब्द मागे घेते. आता दिवसाला सहा लागतात.

हातात फोन असताना पत्र कसलं लिहिते ही, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण माझा घसा. अठरा वर्षं मी लिफ्टमध्ये, वाहनतळांवर आणि बँकांच्या फोनवर बोलते आहे. 'दार बंद होत आहे' असं जी बाई जगाला सांगते ती मी. इतकी वर्षं एकच गोड, स्वच्छ, कशानेही न हलणारा आवाज काढून काढून आता माझ्याकडे दुसरा उरलेलाच नाही. दवाखान्यातून मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चला, म्हणजे फार काही नाही ना." वन्सं, मी तुम्हाला तेव्हा सांगत होते की बाबांच्या खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. दोष तुमचा नाही. माझ्या तोंडून ते 'आपण दुसऱ्या मजल्यावर आहात' असंच ऐकू येतं. कागदावर निदान माझा आवाज नाही.

तर बाबा बाथरूममध्ये घसरले नाहीत. ते आम्ही सगळ्यांना सांगितलं, तुम्हालाही सांगितलं, आणि तुमच्या दादांनी ते इतक्यांदा सांगितलंय की बाथरूममध्ये रबरी चटईही आणून टाकली आहे. खरं लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून मागून घेतली. ते म्हणाले, लिही, पण तिला घाबरवू नकोस आणि ये म्हणू नकोस, तिचं तिला पुष्कळ आहे. तेव्हा आधीच सांगते, तुम्ही येण्याची काहीही गरज नाही, आमचं छान चाललं आहे.

हे सगळं सुरू झालं चांगल्या आवाजाच्या नादापायी. दोन वर्षांपूर्वी कंपनीने स्टुडिओ बंद केला आणि आम्हा आवाजवाल्यांना एकेक माइक देऊन घरी पाठवलं. घरात जेवणाच्या टेबलाशी बसून मी पहिलं काम केलं आणि पाठवून दिलं. कंपनीचा साउंडवाला (मी त्याला कधी पाहिलेलं नाही, तो दोन शब्दांच्या वर लिहीत नाही, पण गेली दोन वर्षं माझ्या संसारात त्याच्याइतकं लक्ष कोणीच घातलेलं नाही) त्याने उत्तर धाडलं, "खोली ऐकू येते." मला वाटलं, खोली काय बोलते? पण हेडफोन लावून ऐकलं तर खरंच, माझ्या प्रत्येक शब्दामागे चार भिंती, एक काचेचं कपाट आणि फ्रिज उभा होता. मग मी फ्रिज बंद करायला लागले. बंद करणं सोपं, परत चालू करायची आठवण राहणं अवघड. त्या महिन्यात आम्ही तीनदा नासलेलं दूध टाकलं आणि तुमच्या दादांचं पोट दोनदा बिघडलं. पंखा बंद, घड्याळाची बॅटरी काढून ठेवलेली, खिडक्यांच्या फटीत चिंध्या. साउंडवाल्याचं पुढचं पत्र, "'प' फुटतो." म्हणजे 'प्रतीक्षा' आणि 'प्रवेश' म्हणताना तोंडातली हवा माइकवर आदळून धप्प वाजतं. त्यावर मी चहाच्या जुन्या गाळणीची जाळी काढून तिच्या कडीवर पायमोजा ताणून बसवला आणि तो माइकपुढे टांगला. तुमच्या दादांचाच पायमोजा, धुतलेला. 'प' लगेच सुधारला. मग "तोंड चिकटतं", म्हणजे जिभेचा चटचट आवाज. त्यासाठी दर दोन वाक्यांनी घोटभर कोमट पाणी. मग "पोट बोलतं", म्हणून पोटभर खाऊन बसायचं. मग "श्वास लागतो", कारण पोटभर खाल्लेलं.

शेवटी मी अडगळीच्या कपाटात शिरले. तुम्हाला आठवत असेल, बाबांच्या खोलीला लागून आहे ते, माणूस आत उभा राहू शकतो. सासूबाईंचे लोकरीचे कोट अजून तिथेच होते, ते राहू दिले, त्यांनी आवाज छान सुकतो, घुमत नाही. भिंतींना रजया ठोकल्या, दाराला आतून गादी बांधली, आणि रेकॉर्डिंग चालू असताना कोणी उघडू नये म्हणून आतून कडी बसवली. पहिली फाइल गेली तेव्हा साउंडवाल्याने लिहिलं, "बरं." मी दिवसभर गुणगुणत होते.

एक गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नव्हती. रजया आवाज आत घुमू देत नाहीत, पण बाहेर जायचा तो जातोच. कपाटाची मागची बाजू म्हणजे नुसता प्लायवुड, आणि त्याच्यापलीकडे बाबांचा पलंग.

बाबांचं विसरणं तोवर बरंच पुढे गेलं होतं. बुटाची नाडी बांधता येत नव्हती, मला ते कधी नर्स समजत, कधी दूधवाली. पण भिंतीतून येणारी बाई जे सांगे ते ऐकत. मी आत म्हणावं 'कृपया रांगेत उभे राहा', आणि बाहेर येऊन पाहावं तर बाबा कोट टांगायच्या खुंटाळ्यामागे अदबीने उभे. पुढचा कोट सरकत नाही म्हणून त्यांची तक्रार नव्हती. बँकेचं काम आलं, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', त्या दिवशी ते टीव्हीचा रिमोट कानाला लावून पावणेदोन तास बसले. मी काढून घ्यायला गेले तर त्यांनी बोटाने गप्प राहायची खूण केली. आम्ही हसलो, वन्सं. रात्री जेवताना तुमच्या दादांना सांगून हसलो. एकतीस वर्षं आगीच्या बंबावर काढलेला माणूस, हुकूम ऐकायची सवय आहे, असं तेही म्हणाले.

हसण्यात एक अडचण होती. बाबा हुकुमाला उत्तर द्यायचे. 'हो', 'बरं', 'कुठल्या मजल्यावर?' आणि ते प्लायवुडमधून माइकमध्ये यायचं. साउंडवाला वैतागला. त्याने जन्मात पहिल्यांदा लांब पत्र लिहिलं. माइकला पाठ असते, समोरचं तो ऐकतो, पाठीमागचं त्याला जवळजवळ ऐकू येत नाही, तेव्हा जिथून त्रास होतो तिकडे माइकची पाठ करा, आणि तोंड एक वीत अंतरावर, जरासं तिरकं ठेवा. मी माइक फिरवला. त्याची बहिरी बाजू बाबांच्या खोलीकडे आणि तोंड माझ्याकडे. वर कान पूर्ण झाकणारे हेडफोन. त्यानंतर बाबा माझ्या रेकॉर्डिंगमधून पूर्ण गेले. इतकं स्वच्छ काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. आणि मी मात्र माइककडे, म्हणजे थेट त्यांच्या भिंतीकडे तोंड करून बोलत होते.

त्या मंगळवारी काम होतं एका मोठ्या दुकान-इमारतीचं. 'कृपया लक्ष द्या. इमारतीत आग लागली आहे. जवळच्या जिन्याने शांतपणे बाहेर पडा. लिफ्ट वापरू नका.' गिऱ्हाइकाचं म्हणणं, बाई घाबरलेली नको, पण घाईत हवी. मी साडेदहाला आत शिरले. घराच्या दाराला वरचा बोल्ट असतो, तो बाबांना उघडता येत नाही, म्हणून मी रोज लावते. त्या दिवशी लावला नाही. विसरले असं मी पोलिसांना, डॉक्टरांना आणि तुमच्या दादांना सांगितलं. तुम्हाला खरं सांगते. भिंतीला लावायच्या फोमचे तुकडे कुरियरने येणार होते, कपाटात मला बेल ऐकू येत नाही, म्हणून खोकं आत सरकवून जावं असं मी त्याला कळवलं होतं आणि दार नुसतं लोटून ठेवलं होतं.

पुढचं मला तळमजल्यावरच्या शिंप्याने सांगितलं. माझी ती वाक्यं भिंतीतून गेली आणि बाबा उठले. बूट घातले, नाड्या बांधल्या (बांधल्या, वन्सं, दुहेरी गाठ होती, दवाखान्यात कात्रीने कापाव्या लागल्या). टॉवेल भिजवून तोंडाला गुंडाळला आणि चौथ्या मजल्यापासून एकेक दार ठोकत खाली आले. धूर कुठाय, वास कसा नाही, असं एकानेही विचारलं नाही. शिंपी म्हणाला, "त्या आवाजापुढे विचारायची सोयच नव्हती हो." तिसऱ्या मजल्यावरच्या वॉकरवाल्या आजींना त्यांनी पाठीवर घेतलं. त्या आजी गेली चार वर्षं घराबाहेर आल्या नव्हत्या. शिकवणीच्या बाई, त्यांची मुलं, डोक्याला साबण लावलेला एक गृहस्थ, सगळे रस्त्यापलीकडे ओळीत उभे. बाबांनी बोट दाखवून मोजलं. एकोणीस. मग म्हणाले, "आत एक बाई राहिली आहे."

शिंप्याने विचारलं, कोण बाई? बाबा म्हणाले, "माहीत नाही. बोलते आहे अजून."

ते एकटे परत वर गेले. आमच्या घरात शिरल्यावर त्यांनी काय केलं ते फरशीवरून कळतं. ओल्या टॉवेलाचा ओघळ दारापासून कपाटापर्यंत सरळ, फरशी पुसल्यासारखा गेलाय, म्हणजे ते नसलेल्या धुराखालून सरपटत आले असणार. कपाटाला आतून कडी. त्यांनी खांद्याने धक्का दिला. मला हेडफोनमधून फक्त धप्प असा आवाज आला आणि संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची रेघ तांबडी झाली. माझा आठवा टेक गेला. आणि मी काय म्हटलं ते मला नाकारता येत नाही, कारण ते रेकॉर्ड झालंय. मी म्हटलं, "बाबा, प्लीज, पाच मिनिटं." मग पाणी प्यायले, घसा साफ केला, आणि पुन्हा सांगायला लागले की इमारतीत आग लागली आहे.

बाबा शिंप्याकडे पहार मागायला खाली धावले. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो तिथे पडले.

मी आणखी तीन टेक केले. अकरावा अप्रतिम आला. बाहेर पडले तर सबंध इमारतीत चिटपाखरू नाही, नळ नाही, टीव्ही नाही, कोणाच्या भांड्यांचा आवाज नाही. वन्सं, माझ्या मनात आलं, अशी शांतता पुन्हा मिळायची नाही, आत जाऊन बारावा घेऊ का. हे मी तुमच्या दादांना सांगितलेलं नाही. मग पायाला ओलं लागलं.

रुग्णवाहिकेला फोन मी केला. मी व्यवस्थित सांगितलं, पत्ता, मजला, वय, दुखापत. पलीकडची बाई दोन सेकंद ऐकत राहिली आणि तिने फोन ठेवला. मी परत लावला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा शिंप्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि ओरडला, तेव्हा गाडी निघाली. नंतर कळलं, तिला वाटलं होतं कुठलंतरी रेकॉर्डिंग लागलंय.

ऑपरेशन झालं ते तुम्हाला माहीत आहे. आता ते बाहेरच्या खोलीत असतात. उठता येत नाही. डॉक्टर म्हणतात, हाड धरलंय, माणूस धरत नाही. ते येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारतात, "ती निघाली का?" डॉक्टरांना विचारतात, शिंप्याला विचारतात, मला विचारतात. मी म्हणते, बाबा, निघाले, ही काय तुमच्या समोर उभी आहे. ते माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "तुम्ही नाही हो. आतली."

चौथ्या दिवशी साउंडवाल्याचं पत्र आलं. मी घाईत अकरावा टेक म्हणून सबंध फाइल पाठवून दिली होती. त्याने नेहमीप्रमाणे चूक काढली होती. "तेविसावं मिनिट, बारावा सेकंद. मागे पुरुषाचा आवाज. परत करा." मी हेडफोन लावले. दाराचा धक्का, माझं ते पाच मिनिटं, आणि मी पाणी पिते आहे त्याच्याखाली, गादीपलीकडून, बाबा. माइकचं तोंड माझ्याकडे होतं ना, म्हणजे माझ्यामागच्या दाराकडेही. बाबा म्हणतायत, "बाई, बोलत राहा. थांबू नका. मी आवाजावरून येतो."

मग मी कपाटातून आणखी एक काम केलं, कोणी न सांगितलेलं. 'कृपया लक्ष द्या. आग विझली आहे. आतील महिला सुखरूप बाहेर आली आहे.' एका टेकमध्ये. साउंडवाल्याला सगळं कळवलं होतं, त्याने ते तासाभरात साफ करून परत पाठवलं, सोबत काही लिहिलं नव्हतं. ते मी फोनवरून बाबांच्या उशाशी लावलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. डोळे मिटले. त्या दुपारी ते सलग चार तास झोपले, पडल्यापासून पहिल्यांदा. आता रोज तीनदा लावते, गोळ्यांबरोबर.

एवढंच सांगायचं होतं. नव्या कामांना मी सध्या नाही म्हटलंय. कपाटाची कडी काढली. इमारतीतले लोक चांगले आहेत, कोणी एक शब्द बोललं नाही, वॉकरवाल्या आजी तर तक्रार करतात की परत वर आणून का ठेवलं. तुम्ही आपल्या गुडघ्याकडे बघा, आमची चिंता करू नका. भावजींना आणि लेकीला आमची आठवण सांगा.

तुमची,
वहिनी

ता.क. पत्र तुमच्या दादांनी वाचलं. दाराच्या बोल्टचा आणि बाराव्या टेकचा भाग वाचून झाल्यावर ते गॅलरीत गेले. आत आले आणि म्हणाले, "'प्लायवुड'मधला 'प्ला' खोडून नीट लिही, वाचता येत नाही." मी नीट लिहिला आहे.

ता.क. दुसरा. तीन दिवसांपासून त्या रेकॉर्डिंगने भागत नाही. बाबा ते ऐकतात आणि मग बोटं मोजायला लागतात. वीस होतात. तरी मान हलवतात आणि विचारतात, "ठिणगी कुठंय?" मला वाटलं आगीचंच काही. तुमचे दादा घोटभर पाण्यासाठी उठले आणि पाठमोरेच म्हणाले की लहानपणी बाबा तुम्हाला ठिणगी म्हणत. अठरा वर्षं या घरात आहे, मला हा शब्द माहीत नव्हता. तर एक काम करा. तुमच्या कपड्यांच्या कपाटात तोंड घाला, फोन एक वीत लांब, जरा तिरका धरा, पंखा बंद करा, आधी घोटभर पाणी प्या, आणि 'बाबा, मी बाहेर आहे' एवढं म्हणून पाठवा. 'ब' फुटला तरी चालेल.

ता.क. तिसरा. हे पोस्टाच्या काउंटरवर उभी राहून लिहिते आहे, इथल्या पेनाने, तुमचे दादा बरोबर नाहीत. रेकॉर्डिंग पाठवू नका. सकाळी डॉक्टर येऊन गेले, छातीत पाणी झालंय, त्यांनी आठ-दहा दिवस म्हटलं. फोन करून विचारू नका, मी त्याच आवाजात 'काही काळजी करू नका' म्हणेन आणि तुम्हाला ते खरं वाटेल. येण्याची गरज नाही असं मी वर लिहिलंय, ते तुमच्या दादांसाठी होतं. लिफ्ट चालू आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. निघा.